नाट्यगृहाची फरशी बसण्याआधी

आमच्या तालुक्याच्या गावातलं नाट्यगृह नवं झालं. तिथली साउंडची बाजू मी बघतो. पहिल्या प्रयोगाला आईला घेऊन गेलो, तर मध्यंतरात ती म्हणाली, “माले काही ऐकू उनं नही, भाऊ.” स्पीकर नवे, कानात यंत्रही होतं. पण यंत्राचा माइक संवादांबरोबर कूलरची घरघरही मोठी करतो, आणि जळगाव-धुळ्याकडच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवता येत नाहीत.

तुम्ही नाट्यगृह बांधत असाल तर यावर उपाय इंडक्शन लूप. मिक्सरचा आवाज लूप अ‍ॅम्प्लिफायरमार्फत फरशीखालून फिरवलेल्या तारेत सोडायचा. तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र कानातल्या यंत्रातली टेलिकॉइल, म्हणजे तारेचं बारीक वेटोळं, थेट पकडते, मधला गोंगाट गळून पडतो. प्रेक्षकानं यंत्र फक्त ‘टी’वर, म्हणजे टेलिकॉइलवर, करायचं. ही तार डिमरच्या (दिवे कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेच्या) केबलपासून लांब न्या, नाहीतर दिवे मंद झाले की कानात गुणगुण सुरू होते. स्लॅबमधलं लोखंडही क्षेत्र कमजोर करतं. म्हणून आधी तार नुसती चिकटवून, यंत्र वापरणाऱ्या माणसाला रांगोरांग बसवून बघा, मगच फरशी घाला. सगळ्याच यंत्रांत टेलिकॉइल नसते, तेव्हा थोडे रिसीव्हर आणि हेडफोन तिकीटखिडकीवर ठेवाच.

व्हीलचेअरसाठीचा रॅम्पही आधीच ठरवा. त्याचा उतार 1:12 पेक्षा, म्हणजे बारा लांबीला एक उंचीपेक्षा, तीव्र नको. तीन पायऱ्यांची उंची 45 सेंटीमीटर असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब लागतो. जागा नाही म्हणून तो आखूड करू नका, वळवून घ्या. दारातून 90 सेंटीमीटर मोकळी वाट हवी. रॅम्पवर छप्पर टाका: मे महिन्यात दुपारी स्टीलच्या कठड्याला हात लावून बघा, म्हणजे का ते कळेल. व्हीलचेअरची जागा रांगेच्या मध्येही ठेवा आणि शेजारी सोबत्याची खुर्ची असू द्या. एकट्याला मागच्या कोपऱ्यात बसवणं मला पटत नाही.

ऑनलाइन तिकिटाचं पान सुरू करण्याआधी फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) लावून, डोळे मिटून एक तिकीट काढून बघा. आसनांचा नकाशा नुसतं चित्र असेल तर अंध प्रेक्षक तिथंच अडकतो. रांग आणि क्रमांक अक्षरांत हवेत. पायऱ्या किती, स्वच्छतागृह कुठं, हेही त्याच पानावर लिहा. बुकिंगसाठी फोन नंबर ठेवाच.

आमची फरशी आधीच बसली होती. आता तार भिंतीच्या कडेनं नेली आहे. मधल्या रांगांत आवाज क्षीण येतो, तिथं हेडफोन देतो. आईला मी कडेची खुर्ची धरून ठेवतो.