तराईत आर्सेनिकचा फिल्टर बांधायला जाताना

नेपाळच्या तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, विशेषतः नवलपरासी भागात, हापशाचं पाणी नितळ दिसतं. तरी कित्येक हापशांत आर्सेनिक हे विष आहे. ते चवीला कळत नाही, उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ आणि काठमांडूच्या 'एन्फो' संस्थेने मिळून 'कांचन' फिल्टर तयार केला: वाळूचा फिल्टर आणि वर लोखंडी खिळ्यांचा थर. तिथे मदतीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातून नीट होईल असंच हे काम आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान जा. पावसाळ्यात वाळू वाळत नाही आणि ओली वाळू चाळणीतून पडत नाही. मुंबईहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. पुढे बसने सोनौली, सीमेपलीकडे भैरहवा. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. नुसत्या आधारवर विसंबू नका. खिळे, वाळू, सिमेंट तिथेच घ्या. सोबत न्यायचं ते आर्सेनिक तपासणीचं किट. त्याच्या पट्टीत पाऱ्याचा क्षार असतो आणि चाचणीत विषारी आर्सिन वायू तयार होतो, म्हणून चाचणी उघड्यावर करा आणि वापरलेल्या पट्ट्या बंद डब्यात परत आणा.

आता वाळू. निम्मे दिवस तिच्यात जातील आणि जाऊ द्यावेत. नदीच्या वाळूत शेण, पालापाचोळा मिसळलेला असतो. खाणीतली, दगड फोडून केलेली वाळू घ्या. कडक उन्हात वाळवून 12, 6 आणि 0.7 मिलिमीटरच्या चाळण्यांतून क्रमाने काढा. 6 ते 12 मिमीची खडी तळाला, 0.7 ते 6 मिमीची मधे, त्याहून बारीक ती गाळणारी वाळू.

दोन्ही प्रकारची खडी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. बारीक वाळू मात्र तशी धुऊ नका. काचेच्या बरणीत चार बोटं वाळू आणि तितकंच पाणी घाला, झाकण लावून गरगर फिरवा, बरणी ठेवा आणि तीन-चार सेकंदांनी बाजूने बघा. पाणी किंचित गढूळ, पण वाळूचा पृष्ठभाग दिसतोय, म्हणजे जमलं. दिसत नसेल तर आणखी एकदा धुवा. पाणी अगदी नितळ झालं असेल तर बारीक कण वाहून गेले. ती वाळू पाणी भरभर सोडते आणि जंतू अडत नाहीत.

फिल्टरच्या सिमेंटच्या टाकीत तळाला 5 सेंमी मोठी खडी, त्यावर 5 सेंमी बारीक खडी, मग सुमारे 54 सेंमी वाळू. दर वेळी आधी पाणी, मग वाळू. कोरडी ओतली तर हवेचे बुडबुडे अडकून पाणी तुंबतं. तोटीचं तोंड वाळूपेक्षा 5 सेंमी उंच राहिलं पाहिजे. पाण्याचा थर जास्त झाला तर वाळूवर थर धरून पाण्यातले जंतू खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू पुरत नाही. कमी झाला तर ओतणाऱ्या पाण्याने वाळू उकरली जाते.

वरच्या छिद्रांच्या पेटीत 5 किलो छोटे खिळे पसरा. जस्ताचा मुलामा असलेले नकोत, कारण ते गंजत नाहीत, आणि आर्सेनिक धरून ठेवतो तो गंजच. खिळ्यांवर विटांचे तुकडे, म्हणजे ओतलेल्या पाण्याने खिळे बाजूला सरत नाहीत.

पेटी पाण्याने काठोकाठ भरून तोटीखाली लिटरची बाटली धरा: अडीच मिनिटांच्या आत भरली तर वाळू चुकली. जिवाणूंचा थर बसायला 30 दिवसांपर्यंत लागतात. तोवर गाळलेल्या पाण्यात क्लोरिन घालूनच प्या. फिल्टरमध्ये वरून क्लोरिन कधीच ओतू नका, थर मरतो. धार मंदावली तर हाताने वाळूवरचं पाणी हलकेच घोळवून गढूळ पाणी काढून घ्यायचं, वाळू बदलायची नाही.

दोन आठवड्यांत तुम्ही परतणार, फिल्टर मात्र त्यानंतर तयार होणार. म्हणून पहिल्या दिवसापासून गावातले दोघेजण प्रत्येक कामात हाताशी असू द्या आणि एक किट त्यांच्याकडे ठेवा. काही हापशांच्या पाण्यात लोह कमी आणि फॉस्फेट जास्त असतं. तिथे खिळे पुरेसं आर्सेनिक धरत नाहीत. महिन्याने कच्चं आणि गाळलेलं, दोन्ही पाणी तपासायला सांगा. गाळलेल्या पाण्यात लिटरला 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त (ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा) आर्सेनिक निघालं, तर ते प्यायला वापरू नये आणि दुसरा हापसा शोधावा, हे जाण्याआधीच त्या घराला समजावून सांगा.