गावाच्या मृत्यूनोंदींतून बदलते आजार कसे वाचावेत

नाशिक जिल्ह्यातील आपल्या गावात गेल्या शंभर वर्षांत मृत्यूचे स्वरूप कसे बदलले हे पाहायचे असेल, तर सुरुवात तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील गाव नमुना १४ पासून, म्हणजेच कोतवाल बुकापासून (गावातील जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीपासून) करावी. जुनी पाने बहुधा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणाऱ्याला सोबत न्यावे.

आधी कारणाचा नव्हे, वयाचा रकाना पाहावा. पाच वर्षांखालील, पाच ते साठ आणि साठीपुढील असे तीन गट करून दर दशकातील सलग तीन वर्षे मोजावीत; एकच वर्ष घेतले आणि ते नेमके १९१८ चे, इन्फ्लुएंझाच्या साथीचे निघाले, तर सगळा अंदाज फसतो. जुन्या पानांवर पहिला गट मोठा असतो, अलीकडे तिसरा. मृत्युदर उतरला तो मुख्यतः लेकरे जगू लागली म्हणून, आणि माझ्या मते ही गोष्ट या रकान्याइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

कारणे वाचताना फार जपावे लागते. पटकी, देवी, प्लेग या नोंदी बऱ्यापैकी भरवशाच्या असतात; पण नुसते ‘ताप’ लिहिले असेल तर तो हिवताप, विषमज्वर किंवा न्यूमोनिया यांपैकी काहीही असू शकतो, म्हणून त्याचा वेगळाच गट ठेवावा. अलीकडच्या नोंदींत ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे असते. प्रत्येक मृत्यूत हृदय थांबतेच, त्यामुळे अशी नोंद हृदयविकारात धरू नये. देशभरातील मृत्यूंत असंसर्गजन्य आजारांचा वाटा १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होता, तो २०१६ मध्ये सुमारे ६२ टक्क्यांवर गेला. आपले आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूच्या दाखल्यावर कारण देता येत नाही. त्यामुळे अलीकडच्या वर्षांसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) नावे वगळून वय आणि कारण यांची एकत्रित संख्या मागावी.

दर काढणे सोपे आहे: २,४०० वस्तीच्या गावात वर्षाला १४ मृत्यू झाले, तर दर हजारी सुमारे ५.८. मात्र तरुण पिढी पोटापाण्यासाठी सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे गेलेल्या गावात वृद्धांचे प्रमाण वाढते आणि आरोग्य चांगले असूनही दर चढा दिसतो, म्हणून तुलना वयोगटानुसारच करावी. शिवाय मृत्यू जेथे घडतो तेथेच नोंदला जात असल्याने सुरगाणा-पेठचा रुग्ण नाशिकच्या रुग्णालयात दगावल्यास त्याची नोंद शहरात होते. अशा नोंदी कायमच्या पत्त्यावरून वेगळ्या काढाव्यात.