पापनिवेदनाला जाण्यापूर्वी

कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंपुढे आपली पापं कबूल करून क्षमा मागायची, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, तो हा संस्कार. निम्मं काम घरीच होतं. बायबलमधल्या दहा आज्ञा एकेक घेऊन मागच्या पापनिवेदनापासूनचे दिवस तपासा. गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगायची असतात. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘महिन्यातून दोनतीनदा’ एवढं चालतं.

आत धर्मगुरूंकडे गेल्यावर क्रूसाची खूण करा, शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते सांगा, मग थेट पापं. इथेच बहुतेकांची गाडी घसरते: सासूचं वागणं, शेजाऱ्याचा स्वभाव, सगळं निघतं. दुसऱ्यांची पापं सांगायला तुम्ही आलेला नाही. सबबीही नकोत.

विसरलेलं पाप माफ होतं, फक्त गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगायचं. मुद्दाम लपवलं तर मात्र सगळंच पापनिवेदन व्यर्थ, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. लाज वाटत असेल तर तेच आधी सांगा. तुम्ही सांगितलेलं धर्मगुरूंना कुणालाच सांगता येत नाही.

मग पश्चात्तापाची प्रार्थना (पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत), धर्मगुरूंनी दिलेली पापक्षमा, आणि दिलेलं प्रायश्चित्त. ते शक्यतो चर्चमधून निघण्याआधीच उरका. घरी गेल्यावर राहून जातं. पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) रांगा लांब असतात, आधीच जा.