मेक, लेट, सी नंतर ‘टू’ लावायचा की नाही: माझा अनुभव

इंग्रजीत ‘ही मेड मी टू वेट’ असं लिहायचे आणि दरवेळी तिथंच लाल रेघ. याद्या पाठ केल्या, मराठीतून भाषांतर करून बघितलं, पार वैतागले होते. शेवटी जमलं ते असं, आधी मुख्य क्रियापद बघायचं, मेक किंवा लेट असेल तर पुढे नुसतं मूळ रूप, ‘ही मेड मी वेट’. मग वाक्य पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी, आहे का बघायचं, कारण मेकचं पॅसिव्ह झालं की ‘टू’ परत येतो, ‘आय वॉज मेड टू वेट’, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. सी, हिअर असेल तर विचारायचं, क्रिया पूर्ण पाहिली की चालू असताना? ‘आय सॉ हर क्रॉस द रोड’ म्हणजे ती पलीकडे पोचली, ‘क्रॉसिंग’ म्हटलं तर ती अजून रस्त्याच्या मधेच आहे, पुढे पोचली का ते वाक्य सांगतच नाही.