एक्स-प्लेनमध्ये मरीन ड्राइव्हचे दिवे उभारताना

रस्त्यावरच्या दिव्याचं मॉडेल करायला बसलं की बहुतेकजण खांबाच्या नक्षीपासून सुरुवात करतात. पण एक्स-प्लेन हा विमान उडवण्याचा सिम्युलेटर, आणि विमानातून खांब दिसतच नाही. दिसतो तो ठिपका, आणि थोडं खाली आल्यावर त्याच्याखाली रस्त्यावर पडलेलं उजेडाचं वर्तुळ. म्हणून आधी ठिपका, मग वर्तुळ, आणि खांब सगळ्यात शेवटी, हाच क्रम डोक्यात ठेवून काम करायचं. इथे उदाहरण मरीन ड्राइव्हचं घेतलं आहे. सिम्युलेटर एक्स-प्लेन, मॉडेलसाठी ब्लेंडर आणि त्याचा एक्सप्लेन-टू-ब्लेंडर एक्सपोर्टर, मांडणीसाठी वर्ल्डएडिटर म्हणजे वेड. सिम्युलेटर सोडला तर बाकी साधनं फुकट मिळतात. आज्ञा, दिव्यांची नावं आणि आकडे इथे देवनागरीत दिले असले तरी फाइलीत ते रोमनमध्येच लिहायचे.

आधी मोजमाप. रस्ता सुमारे ३.६ किलोमीटरचा. वेडमध्ये नकाशाचा थर चालू करून उपग्रहचित्रात दिवसा पडलेल्या सावल्या बघितल्या की खांब कुठे आहेत ते कळतं. ओळखीच्या दोन चौकांमधले खांब मोजा आणि अंतराला भागा. मुख्य रस्त्यांवर साधारण ३० मीटरला एक खांब धरला तर एका ओळीत १२० च्या आसपास दिवे होतात. हा आकडा कागदावर हवा, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे: खांबात १०० त्रिकोण (मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांचा बनतो ते तुकडे) जास्त झाले की एका ओळीत १२,००० वाढले.

खांब आठ बाजूंचा पुरे. उंची ९ मीटर, बुंध्याशी व्यास १८ सेंटिमीटर, टोकाला ९. आडवा हात सहा बाजूंचा, चार तुकड्यांत वाकवलेला, दीड मीटर लांब. दिव्याची पेटी म्हणजे पुढून निमुळती केलेली चौकट. हे सगळं १५० त्रिकोणांत बसतं. बोल्ट, वायरीचं झाकण, खांबावरचा नंबर हे टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रात रंगवा, मॉडेलमध्ये कोरू नका. खांबाचा तळ शून्याच्या खाली अर्धा मीटर न्या, नाहीतर जमीन जरा उतरती असली की खांब हवेत लटकलेला दिसतो. मॉडेलचा मूळबिंदू मात्र जमिनीच्या पातळीवरच ठेवा. एक्सपोर्ट करण्याआधी स्केल आणि रोटेशन अप्लाय करा.

दिशेचा गोंधळ हमखास होतो. ब्लेंडरमध्ये वर म्हणजे झेड, एक्स-प्लेनमध्ये वर म्हणजे वाय, आणि उत्तर म्हणजे उणे झेड. एक्सपोर्टर मॉडेल आपोआप फिरवून देतो. दिव्याचा हात ब्लेंडरच्या अधिक वाय दिशेला ठेवलात, तर वेडमध्ये हेडिंग (वस्तूचं तोंड कुठल्या अंशाला आहे तो आकडा) ० असताना तो बरोबर उत्तरेकडे वळतो. मग हात रस्त्याकडे ज्या अंशात हवा, तोच आकडा हेडिंगला. मरीन ड्राइव्ह वळत जाणारा असल्याने प्रत्येक खांबाचं हेडिंग थोडं थोडं बदलत जातं. इथे आळस केला तर अर्धे हात रस्ता सोडून भलतीकडेच बघत बसतात.

टेक्स्चर ५१२ बाय ५१२ चं एकच पुरतं. त्याच आकाराचं दुसरं, रात्रीसाठी, नावाच्या शेवटी ‘_लिट’ जोडलेलं: पूर्ण काळं, फक्त काचेचा भाग उजळ. तिथे शुद्ध पांढरा भरू नका, लाल २५५, हिरवा २२५, निळा १८० च्या आसपासचा रंग घ्या. काचेच्या तुकड्याभोवती तोच रंग चार पिक्सेल बाहेरपर्यंत पसरवा. लांबून टेक्स्चर लहान होत जातं तेव्हा शेजारचा काळा रंग आत झिरपतो आणि काच विझल्यासारखी दिसते.

आता प्रकाश. जमिनीवर पडणाऱ्या उजेडासाठी ‘फुल_कस्टम_हेलो_नाइट’ हा पॅरामीटरवाला दिवा वापरा. तो फक्त रात्रीच लागतो, वेगळी कळ जोडावी लागत नाही. ब्लेंडरमध्ये काचेच्या जरा खाली लाइट ठेवा, त्याला आकडे हाताने भरायचा पॅराम प्रकार द्या. आकडे नऊ: लाल, हिरवा, निळा, अल्फा, आवाका मीटरमध्ये, दिशेचे तीन, आणि शेवटी शंकूच्या अर्ध्या कोनाचा कोसाइन. सुरुवातीला हे घ्या: १ ०.७८ ०.५२ १ २५ ० -१ ० ०.५. शेवटचा ०.५ म्हणजे अर्धा कोन ६० अंश. ९ मीटर उंचीवरून त्याचं वर्तुळ साडेपंधरा मीटर त्रिज्येचं होतं, म्हणजे ३० मीटरवर उभ्या असलेल्या दोन दिव्यांची वर्तुळं एकमेकांना जेमतेम भिडतात. दिव्यापासून वर्तुळाच्या कडेपर्यंतचं तिरकं अंतर १८ मीटर, म्हणून आवाका २५. तो १८ च ठेवला तर उजेड कडेला पोचण्याआधीच मरतो आणि खांबाखाली नुसता डाग उरतो.

यातले दिशेचे तीन आकडे एक्स-प्लेनच्या अक्षांत आहेत, ब्लेंडरच्या नाही. ब्लेंडरच्या सवयीने ० ० -१ लिहिलं की सगळे दिवे खाली न बघता हाताच्या दिशेने आडवा झोत टाकतात. खांबाखाली काळोख आणि झोत आडवा गेलेला दिसला, तर पहिला संशय इथेच घ्या.

रंग ठरवायच्या आधी कुठल्या सालचा मरीन ड्राइव्ह करायचा ते ठरवा. २०१५ मध्ये तिथले पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, त्यावर बरीच ओरड झाली आणि पुढे पिवळसर छटा परत आणली गेली. जुन्या सोडियमसाठी १, ०.५५, ०.१८ पासून सुरुवात करा. वर दिलेले आकडे उबदार एलईडीचे आहेत. पांढऱ्यासाठी ०.९५, ०.९७, १ घ्या, पण मग ती ‘क्वीन्स नेकलेस’ (या दिव्यांच्या माळेचं लाडकं नाव) राहत नाही, गोदामाचं आवार वाटतं.

हेलोचा दिवा फक्त उजेड पाडतो, स्वतः दिसत नाही. दुरून दिसणारा ठिपका वेगळा लागतो. त्यासाठी एक्स-प्लेनच्या दिव्यांच्या यादीत ‘टाउन’ने सुरू होणारे नामांकित दिवे बघा. मूळ शहरातले ठिपके त्याच घराण्यातले असल्याने तुमचा दिवा आजूबाजूच्या वस्तीत उपरा दिसत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पुढच्या पायरीवर. फाइलीत एलओडी, म्हणजे कुठल्या अंतरावर मॉडेलचा किती तपशील दाखवायचा हे दिलं नाही तर किती अंतरावर वस्तू गायब करायची हे एक्स-प्लेन तिच्या आकारावरून ठरवतं. खांब म्हणजे किडकिडीत वस्तू, त्यामुळे ती लवकर गायब होते, आणि तिच्यासोबत दिवेही. खालून सुंदर दिसणारी माळ दोन हजार फुटांवरून नाहीशी होते, आणि माणूस दोष ग्राफिक्स कार्डाला देतो. तीन टप्पे करा. ० ते ४०० मीटर: पूर्ण खांब, हेलो आणि ठिपका. ४०० ते १५००: चार त्रिकोणांचा खांब, हेलो, ठिपका. १५०० ते १२,०००: फक्त ठिपका, एकही त्रिकोण नाही. ठिपका तिन्ही टप्प्यांत असायलाच हवा. ठिपक्याला एका टप्प्याची खूण करायची राहिली तर बरोबर त्या अंतरात माळ तुटते. मधल्या टप्प्यातला खांब मुद्दाम जाडसर, वीसेक सेंटिमीटरचा ठेवा. खरा व्यास ठेवला तर तो एका पिक्सेलहून बारीक होतो आणि विमान हललं की थरथरतो.

एक्सपोर्टचा प्रकार ‘इन्स्टन्स्ड सीनरी’ निवडा. मग एकाच दिव्याच्या १२० प्रती ग्राफिक्स कार्ड एकदम काढतं. त्यासाठी दिव्यात ॲनिमेशन नको. दहा दिव्यांचा एकच ऑब्जेक्ट करायचा मोह आवरा: त्यांना जमिनीची एकच उंची मिळते, आणि वळणावर ते रस्ता सोडून जातात. बारीक खांबाची सावलीही बंद करून टाका.

वेडमध्ये मांडताना दोन गोष्टी आडव्या येतात. एक, एक्स-प्लेनच्या रस्त्यांना स्वतःचे दिवे आधीच असतात. तुमचे त्यावर उभे केले की माळ दुहेरी होते. रस्त्यांच्या जाळ्यावर एक्स्क्लुजन (मूळ गोष्टी वगळणारी चौकट) लावलं तर दिवे जातात, पण रस्ता आणि त्यावरच्या गाड्याही जातात. तेव्हा खाली उपग्रहचित्राची जमीन आणि स्वतःचा रस्ता असेल तरच एक्स्क्लुजन लावा. दोन, मूळ जमिनीची किनाऱ्याची रेघ ढोबळ आहे. भरणी करून केलेल्या या किनाऱ्यावर तुमचा बरोबर जागी ठेवलेला खांब सिम्युलेटरमध्ये पाण्यात उभा राहू शकतो. चांगला मेश (जमिनीचा आकार ठरवणारं जाळं) टाका, किंवा तेवढे खांब दोनचार मीटर आत घ्या.

एक्सपोर्ट झाल्यावर ‘अर्थ नॅव्ह डेटा’मध्ये +१०+०७० या फोल्डरात +१८+०७२ नावाची डीएसएफ फाइल (हिच्यात मांडणी साठते) आली का ते पाहा. मुंबई आणि जुहूचे विमानतळ १९ अक्षांशाच्या वर, म्हणजे +१९+०७२ मध्ये येतात, मरीन ड्राइव्ह खालच्या चौकटीत. पॅकेजांचा क्रम ठरवणाऱ्या सीनरी_पॅक्स फाइलीत तुमचं पॅकेज मेश आणि उपग्रहचित्रांच्या ओळींच्या वर असू द्या. वेळ रात्री दहाची लावून जुहूवरून १५०० फुटांवर दक्षिणेला या. काहीच दिसलं नाही तर लॉग फाइल उघडा आणि ऑब्जेक्टचं नाव शोधा: बहुतेकदा टेक्स्चर दुसऱ्या फोल्डरात राहिलेलं असतं किंवा नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असतो. तो फरक विंडोजवर खपून जातो, लिनक्सवर नाही. आणि एक्स-प्लेन ११ साठी जुळवलेला दिवा एक्स-प्लेन १२ मध्ये नेताना उजेड पुन्हा तपासा. तिथे प्रकाशाचं गणित वेगळं आहे, जुने आकडे तसेच ठेवले तर रस्ता अंधुक किंवा भडक दिसू शकतो.