रियाजुल जन्नात जाताय? बायकांसाठी कामाच्या गोष्टी

मदीन्याच्या मस्जिद-ए-नबवीतल्या या छोट्या जागेत जायचं तर नुसुक या सौदी सरकारी ॲपवर परमिट काढायचं, वुजू (नमाजेआधीची हातपाय धुण्याची शुद्धी) करून यायचं, वेळेच्या आधी गेटवर पोचायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. परमिट मात्र स्वतःच्या फोनमध्येच ठेवा, नवऱ्याच्या नको. मस्जिद-ए-नबवीत बायकांची वेळ आणि लाईन वेगळी असते, तो तिकडे बाहेर उभा आणि क्यूआर कोड त्याच्या खिशात, असं होऊन रडकुंडीला आलेल्या बायका बघितल्यात. चपला पिशवीत घालून सोबत घ्या, बाहेर पडायची वाट वेगळी असते. पाळीची तारीख बघून बुकिंग करा आणि तरी गडबड झालीच तर परमिट वेळेत कॅन्सल करा, कारण 2023 च्या शेवटापासून नेहमीचं बुकिंग 365 दिवसांतून एकदाच मिळतं.

स्लॉटबद्दल एक गोष्ट ग्रुपवाले हमखास विसरतात. बायकांना साधारणपणे फजर म्हणजे पहाटेच्या नमाजेनंतर नाहीतर इशा म्हणजे रात्रीच्या नमाजेनंतर सोडतात, आणि सगळ्या धावतात पहाटेच्या स्लॉटवर. हनफी पंथाच्या असाल तर फजर पढल्यावर सूर्य उगवून वर 15-20 मिनिटं होईपर्यंत नफ्ल म्हणजे ऐच्छिक नमाज पढता येत नाही, मग आत जाऊन करणार काय? शाफई पंथाच्या बायका त्या वेळेतही तहिय्यतुल मस्जिद, म्हणजे मशिदीत आल्यावर पढायची नमाज, पढू शकतात, त्यांचं ठीक आहे. बाकीच्यांनी ऊन वर आल्यानंतरचा स्लॉट बघा नाहीतर सरळ रात्रीचा घ्या.

आता खरी अवघड गोष्ट, आतली ती काही मिनिटं.

जागा किती आहे ते आधी डोक्यात बसवा. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचं घर आणि मिंबर (प्रवचनाचा चौथरा) यांच्या मधली जागा म्हणजे जन्नतच्या बागांपैकी एक बाग, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे, आणि ती जागा आहे साधारण 22 मीटर बाय 15 मीटर. तेवढ्यात एका वेळी शेकडो बाया. पडदा बाजूला झाला की मागून लोंढा येतो, आणि "धावत पुढे जा, मिंबरजवळची जागा पकड" हा सल्ला ज्याने कोणी सुरू केला त्याला माझा सलाम. धावू नका. पुढच्या सफेत म्हणजे रांगेत इतकी दाटी होते की सजद्याला कपाळ टेकायला जागा राहत नाही, पुढचीच्या टाचेवर डोकं आपटतं. पांढऱ्या संगमरवराचे खांब दिसले की तुम्ही पोचलात, आता मागे नाहीतर कडेला जिथे सजद्याएवढी जागा दिसेल तिथे थांबा. ती सगळीच जागा रियाजुल जन्नात आहे, मागची सफ काही कमी जन्नत नाही.

थांबलात की लगेच नियत बांधा, म्हणजे नमाज सुरू करा. बॅग खाली ठेवू, ओढणी नीट करू, घरी व्हिडिओ कॉल लावू, असं करत बसलात तर संपलं. दोन रकात, कुराणातल्या छोट्या सूरा, कुल या आणि कुल हुवल्लाह पुरे. अरबी दुआ येत असतील तर सजद्यात मागा आणि मनातलं मराठी-उर्दूतलं सलाम फेरल्यावर बसल्या बसल्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या वीस पानी दुआंची पीडीएफ हॉटेलवर वाचा. नातेवाईकांच्या नावांचा कागदही तिथे उघडू नका, माझ्या शेजारची एक बाई घडी सरळ करून चष्मा शोधत होती तोवर "यल्ला हज्जा, यल्ला" (चला हाजीबाई, चला) सुरू झालं आणि तिची एक रकातही झाली नव्हती. नावं लाईनमध्ये उभं असताना घ्या, तिथे वेळच वेळ असतो.

काळ्या अबायातल्या ड्युटीवाल्या बायका उठवतात तेव्हा वाद घालू नका. नमाजेत असाल तर शांतपणे पूर्ण करा, सलाम फेरून उठा. लपून दुसऱ्यांदा नियत बांधणाऱ्यांमुळे मागच्या बॅचच्या बायांचा वेळ जातो, आणि हे इबादतीच्या नावाखाली चालतं याचा मला मनापासून राग येतो. खांबांना हात लावून चुंबत फिरणंही नको, त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी सजद्यावर पाय पडतो.

किब्ल्याकडे (काब्याच्या दिशेला) तोंड केलं की रौजा, म्हणजे हुजूरांची कबर, तुमच्या डाव्या हाताला. सलाम नमाजेनंतर, निघता निघता, हळू आवाजात: अस्सलातु वस्सलामु अलैका या रसूलल्लाह. मग पहिले दोन खलिफा, हजरत अबू बकर आणि हजरत उमर यांना. रौजाची जाळी दिसली नाही म्हणून हळहळू नका, पडद्याआडूनही सलाम होतो.

म्हाताऱ्या सासूबाई सोबत असतील तर व्हीलचेअरवाल्यांना कुठून सोडतात ते गेटवरच विचारा, लोंढ्यात नेऊ नका. लहान मूल शक्यतो त्याच्या बापाकडे.