स्लायडिंग खिडकीने अडकवलेलं व्हेंटिलेशनचं गणित, माझा अनुभव

आमच्या ट्रेनिंग हॉलचं लीड व्ही४ चं (LEED v4, ग्रीन बिल्डिंग सर्टिफिकेटचं) काम करत होतो, एसी नाही, सगळं खिडक्यांवर. हॉल 12 बाय 9 मीटर, उंची 3. अ‍ॅशरे 62.1-2010 (ASHRAE चं व्हेंटिलेशनचं स्टँडर्ड) प्रमाणे उघडणारा भाग फ्लोअर एरियाच्या 4 टक्के पाहिजे, म्हणजे 108 चे 4.32 चौ.मी. माझ्या एकाच भिंतीला चार स्लायडिंग खिडक्या, प्रत्येकी 1.8 चौ.मी. च्या, एकूण 7.2, म्हटलं झालं काम. पण रिव्ह्यूत क्वेरी आली आणि तेव्हा कळलं की स्लायडिंग एका वेळी अर्धीच उघडते, म्हणजे 3.6, आणि जाळी असेल तर फक्त तिच्यातला मोकळा भाग धरायचा, म्हणजे अजून कमी.

खरी अडचण तर दुसरीच निघाली. एकाच भिंतीला खिडक्या असतील तर हवा छताच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंतच धरतात, म्हणजे 6 मीटर, खिडक्यांपासून हॉल 9 मीटर खोल, म्हणून मागचे 3 मीटर बादच! नुसत्या खिडक्या मोठ्या करून हे सुटत नाही, हे लक्षात घ्या.

मग स्लायडिंग काढून पूर्ण उघडणाऱ्या पल्ल्यांच्या खिडक्या केल्या, जाळीचा मोकळा भाग सप्लायरकडून लेखी घेतला, आणि समोरच्या भिंतीला उघड्या गॅलरीकडे तीन व्हेंटिलेटर काढले. समोरासमोर असलं की मर्यादा पाचपट होते, 15 मीटर, हॉल आरामात बसला. व्हेंटिलेटर उंचावर, आणि माणसांना सहज उघडता यायलाच हवेत, म्हणून खाली हँडल आणलं. ड्रॉइंगवर प्रत्येक खिडकीचा निव्वळ एरिया लिहून परत पाठवलं, पास झालं. आता मागच्या बाकांवरही वारा येतो, दुपारी मुलं पेंगत नाहीत.